टाटाले नेलं

वऱ्हाडात कॅन्सर हा शब्द सहसा मोठ्यानं उच्चारला जात नाही. एखादं माणूस गावात बरेच दिवस दिसलं नाही आणि कोणी चौकशी केलीच, तर दोन शब्दांत उत्तर मिळतं: "टाटाले नेलं." विचारणारा मान हलवतो. पुढचा प्रश्न निघत नाही.

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं, अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं जंक्शन. कापसासाठी टाकलेली शकुंतला यवतमाळ आणि अचलपूरकडून येऊन इथेच मोठ्या लाइनीला मिळायची. ती छोटी गाडी आता बंद पडली आहे. पण संध्याकाळच्या मुंबईच्या गाड्या अजून थांबतात, आणि फलाटावर एखादं कुटुंब लगेच ओळखू येतं. लग्नाला निघालेल्यांची घाई त्यांच्यात नसते. पिशवीत भाकरी, सतरंजी, आणि कोणाच्या तरी हातात छातीशी धरलेली रिपोर्टांची फाइल.

सकाळी दादरला उतरायचं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय तिथून जवळ. आणि ज्यांचं मुंबईत कोणी नाही, अशांतल्या अनेकांचा मुक्काम दादरच्याच गाडगे महाराज धर्मशाळेत.

हे नाव मूर्तिजापूरकरांना घरचं आहे. वडील गेल्यावर लहानगा देबूजी आईबरोबर मामाच्या आधारानं ज्या दापुऱ्यात वाढला, ते याच तालुक्यातलं. पुढे गाडगेबाबा झालेल्या या माणसानं स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण पंढरपूरपासून मुंबईपर्यंत धर्मशाळा उभ्या केल्या. त्यातली एक त्यांच्या हयातीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापाशी उभी राहिली. रोग्याला खाट मिळाली तरी त्याच्या सोबत्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. बाबा १९५६ साली गेले. दादरची धर्मशाळा त्यांच्या मिशनच्या लोकांनी चालवली, आणि तिथं आज बहुतेक टाटाचेच रुग्ण असतात.

ही धर्मशाळा आणि कॅन्सरवरच्या नव्या औषधांची प्रयोगशाळा, या दोन गोष्टी आपण कधी शेजारी ठेवून पाहत नाही. पण परळात जे संशोधन झालं, त्याला त्याचं वळण देण्यात दादरला उतरणाऱ्या या लोकांचाही वाटा आहे. तो कसा, हे समजायला आधी औषध समजून घ्यावं लागेल.

साप चावल्यावरचं इंजेक्शन

टाटातून परतलेल्या रुग्णाची फाइल कधी चाळली असेल, तर काही औषधांच्या नावांच्या शेवटी 'मॅब' दिसलं असेल. रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब, निव्होलुमॅब. मॅब म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. ही केमो नव्हे. केमोथेरपी वेगानं वाढणाऱ्या पेशींवर सरसकट चालते, म्हणून केस जातात, तोंड येतं. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, एकच खूण ओळखते आणि तिलाच जाऊन चिकटते.

हे आपल्याला वाटतं तितकं अनोळखी नाही. पऱ्हाटीच्या वावरात कोणाला घोणस चावली की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते अँटिबॉडीचंच. घोड्याला सापाच्या विषाच्या छोट्या छोट्या मात्रा टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मग घोड्याचं रक्त काढून त्यातल्या अँटिबॉडी शुद्ध करून बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच बाटली चालते. परळची हाफकिन संस्था या इंजेक्शनासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते.

या कल्पनेचा उगम १८९० सालचा. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल बेरिंग आणि किटासातो शिबासाबुरो यांनी दाखवलं, की धनुर्वात किंवा घटसर्पाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. मग कॅन्सरवर का नाही? पाचच वर्षांत, १८९५ साली, फ्रान्समध्ये एरिकूर आणि रिशे यांनी नेमकं हेच करून पाहिलं. माणसाच्या हाडाच्या कॅन्सरची गाठ वाटून ती कुत्र्यांना आणि गाढवाला टोचली आणि त्यांचा रक्तद्रव कॅन्सरच्या रुग्णांना दिला. काहींना थोडा आराम पडला. बरं कोणी झालं नाही.

कारण सोपं आहे आणि अवघडही. सापाचं विष बाहेरून आलेलं असतं. कॅन्सरची पेशी आपलीच, घरातलीच. तिच्या आणि चांगल्या पेशीच्या चेहऱ्यात फरक असतो तो इतका बारीक, की गाढवाच्या रक्तातल्या हजार तऱ्हेच्या अँटिबॉडींच्या गर्दीत नेमकी हवी ती निवडणं अशक्य होतं. त्यासाठी एकाच जातीची, शुद्ध अँटिबॉडी हवी होती. आणि तिच्यासाठी आधी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी सांभाळता यायला हव्या होत्या.

परळातली भांडी

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच्या प्रयोगशाळांची जबाबदारी वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. शरीरविकृतिशास्त्राचे हे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहून थांबत नसत. ती गाठ ज्याच्या शरीरातून आली तो माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारत. भारतात तोंडाचा कॅन्सर एवढा का, याचा माग त्यांनी तंबाखू चघळण्याच्या सवयीपर्यंत काढला. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकारानं परळातच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं.

त्यांच्या हाताखाली काम करायला आलेल्या कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एमएस्सी करताना त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला होता. झाडांच्या पेशींवरून त्या कॅन्सरच्या पेशींवर आल्या आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी झाल्या. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ही तीच प्रयोगशाळा, जिथं १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, भांड्यात वाढवल्या गेल्या. त्या 'हेला' पेशी आजही जगभर वाढताहेत.

रणदिवे परत आल्या आणि मुंबईत त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली मानली जाते. टिश्यू कल्चर म्हटल्यावर तुम्हाला केळीची रोपं आठवतील. तत्त्व तेच, फक्त प्राण्याची पेशी जास्त नाजूक. तिला शरीराएवढी म्हणजे ३७ अंशांची ऊब लागते, योग्य क्षारांचं पोषक पाणी लागतं, ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. हवेतली बुरशीची एक कणी भांड्यात पडली, की महिन्याभराचं काम ओतून द्यायचं. पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते.

याच केंद्रात रणदिव्यांनी उंदरांमधल्या स्तनांच्या कॅन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा त्याच्याशी असलेला संबंध तपासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, कारण प्रयोगशाळेत रात्रपाळी करणाऱ्या बाईचं मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांना सूक्ष्मदर्शकाइतकाच खरा वाटत होता.

रणदिव्यांनी कॅन्सरवरची अँटिबॉडी बनवली नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात ती कोणालाच बनवता येत नव्हती. पण आज पवईत, पुण्यात, खारघरमध्ये जो मुलगा किंवा मुलगी अँटिबॉडीवर काम करते, तिचा दिवस पेशींना खाऊ घालण्यापासूनच सुरू होतो. ते शिक्षण आपल्याकडे सुरू झालं ते परळातल्या त्या भांड्यांपासून.

उंदराची अडचण

शुद्ध अँटिबॉडीचा प्रश्न सुटला १९७५ साली. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कधीही न मरणारी एक कॅन्सरची पेशी, या दोन्ही एकत्र जोडल्या. जोडपेशीत दोघींचे गुण आले. ती मरत नव्हती आणि एकाच तऱ्हेची अँटिबॉडी बनवत राहत होती. कॅन्सरचं अमरत्व असं कॅन्सरविरुद्धच कामाला आलं. या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही, म्हणून ती जगात कोणालाही वापरता आली. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

वाटलं होतं, आता औषध हातात आलं. पण ही अँटिबॉडी उंदराची. माणसाचं शरीर तिलाच परकी समजून तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागलं. पहिल्या डोसाला गुण यायचा, पुढे औषध निष्प्रभ व्हायचं. ही अडचण ओलांडायला जवळपास वीस वर्षं गेली. ग्रेग विंटर यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की अँटिबॉडीचं फक्त टोक, म्हणजे खूण पकडणारा भाग, उंदराचा ठेवून बाकी सगळी माणसाची करता येते. १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅबला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी स्तनांच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब आलं. दर पाच-सहा रुग्णांतल्या साधारण एकीच्या गाठीवर हर-टू नावाची खूण जास्त प्रमाणात असते. तिच्यासाठीच हे औषध.

बातमीत हा इतिहास सरळ वाटतो. प्रयोगशाळेत तसा नसतो. एका खुणेसाठी शेकडो, कधी हजारो पेशींच्या वसाहती वाढवायच्या. ९६ बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटल्या मांडायच्या. प्रत्येक खळग्यात थेंब टाकायचा, धुवायचं, पुन्हा थेंब टाकायचा. शेवटी रंग आला, तर तिथली अँटिबॉडी खुणेला चिकटली. बहुतेक खळग्यांत रंग येत नाही. जिथं येतो, त्यातल्या बहुतेक चांगल्या पेशींनाही चिकटतात, म्हणून बाद. उरलेल्यांपैकी काही नीट बनत नाहीत, काही गोठून खराब होतात. मग उंदरांवर चाचणी, मग पुन्हा सुरुवात. फेलोशिपची मुदत संपते, पण काम त्या मुदतीत संपेलच असं नसतं. अनेक संशोधक अख्खी उमेद एका अशा अँटिबॉडीला देतात, जी कधीच रुग्णापर्यंत पोचत नाही. तिच्या अपयशातून पुढच्याला एक रस्ता बंद आहे एवढं कळतं.

किल्ल्या जास्त, कुलपं कमी

औषध आलं, पण कोणासाठी? अँटिबॉडी रसायनासारखी कारखान्यात शिजवता येत नाही. चिनी हॅमस्टर नावाच्या छोट्या प्राण्याच्या पेशी पोलादी टाक्यांमध्ये वाढवाव्या लागतात, त्या अँटिबॉडी बनवतात, मग ती गाळून शुद्ध करायची. त्यावर पेटंट. टाटाच्या डॉक्टरांना औषध माहीत होतं, समोरच्या रुग्णाला ते लागू पडेल हेही माहीत होतं, आणि तो ते घेऊ शकणार नाही हेही माहीत होतं.

भारतीय कंपन्यांनी ही भिंत थोडी थोडी फोडली. २००६ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉननं क्युबातल्या शास्त्रज्ञांबरोबर डोक्या-मानेच्या कॅन्सरवरची निमोटुझुमॅब ही अँटिबॉडी बाजारात आणली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं रिटुक्सिमॅबची जोडआवृत्ती काढली, २०१३ च्या अखेरीस ट्रास्टुझुमॅबच्या देशी आवृत्तीला परवानगी मिळाली. किमती उतरल्या. पण वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला येतील एवढ्या नाही.

इथं परळातून एक वेगळा प्रश्न पुढे आला. त्याला प्रयोगशाळेइतकंच ओपीडीबाहेरच्या रांगेनंही जन्म दिला.

विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. पोरं शाळेतच सुरुवात करतात. तोंड उघडेनासं होतं, गालात जखम होते, ती भरत नाही. खानोलकरांनी जे लिहून ठेवलं होतं, ते टाटाच्या रांगेत रोज दिसतं. या रुग्णांसाठी जगात निव्होलुमॅब ही अँटिबॉडी आली होती. ती कॅन्सरला थेट मारत नाही. आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तो दाबून ठेवतो. अँटिबॉडी त्या ब्रेकवर बसते आणि दाब सोडवते. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. खर्च लाखांत.

पण औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्येच एक गोष्ट नोंदली गेली होती. अगदी कमी डोसातही शरीरातले बहुतेक ब्रेक व्यापले जात होते. कुलपं ठरावीक, किल्ल्या मात्र पोत्यानं. मग पोतं कशाला विकत घ्यायचं?

टाटामधल्या विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. सगळे डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे. अर्ध्यांना कमी खर्चाच्या, रोज-आठवड्याला घ्यायच्या गोळ्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या, आणि वर निव्होलुमॅब, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर नेहमीच्या डोसाचा अठरावा भाग. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं शंभरातले सुमारे १६ जण हयात होते. थोड्याशा अँटिबॉडीची जोड दिल्यावर सुमारे ४३.

या आकड्यांना त्यांच्या जागी ठेवलं पाहिजे. हा आजार बरा झाला असं नाही. निम्मे रुग्ण जितके दिवस जगले, तो काळ पावणेसात महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेला. पूर्ण डोस आणि छोटा डोस यांची समोरासमोर तुलनाही या चाचणीत नव्हती. पण ज्याला काहीच मिळणार नव्हतं, त्याला काय मिळू शकतं, हे तिनं दाखवलं.

औषध कंपनीला हा प्रश्न विचारण्याचं कारण नव्हतं. कमी औषध विकून तिचा काय फायदा? श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांनाही तो फारसा टोचत नव्हता, तिथं विमा पैसे भरतो. तो प्रश्न विचारला गेला, कारण परळच्या डॉक्टरसमोर रोज असा माणूस बसत होता, ज्याचा मुक्काम धर्मशाळेत होता आणि ज्यानं येण्यापूर्वी वावर गहाण टाकलं होतं. औषध काम करतं का, हे जगानं शोधलं. किती कमी औषध काम करतं, हे शोधायला अशा रांगेसमोर बसावं लागतं.

पवईची पेशी

हाच धागा आयआयटी मुंबईत दिसतो. राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कार-टी या उपचारावर दहा वर्षं काम केलं. यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, त्यांच्यावर जनुकाच्या मदतीनं अँटिबॉडीचा एक तुकडा बसवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. तो तुकडा काही रक्ताच्या कॅन्सरांवरची सीडी-१९ ही खूण शोधतो. परदेशी उपचारांत हा तुकडा उंदराचा असतो. पवईच्या मंडळींनी तो माणसासारखा केला. म्हणजे १९८६ चा तोच धडा, नव्या जागी.

जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ ला सरकारी परवानगी मिळाली. ६४ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ज्यांची नीट तपासणी करता आली, त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार इथं चाळीस लाखांच्या आसपास आला.

चाळीस लाख. मूर्तिजापूरच्या कापूस बाजारात उभं राहून हा आकडा उच्चारून पाहा. एक दशांश झाला हे खरं, आणि तरीही तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे हेही खरं. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे माहीत असतं. त्याचं पुढचं काम तेच आहे.

गाडगेबाबांना अँटिबॉडी माहीत नव्हती आणि खानोलकर, रणदिव्यांनी धर्मशाळा बांधली नाही. पण तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं इंजेक्शन घ्यायला माणूस थांबू शकतो, तो झोपायला जागा असेल तर. मधेच गावी परतला आणि भाड्याअभावी पुन्हा आलाच नाही, तर जगातली सगळ्यात नेमकी अँटिबॉडीही बाटलीतच राहते. टाटात झालेल्या अशा अभ्यासांचे रुग्ण आभाळातून पडलेले नाहीत. ते असेच कुठून तरी रात्रभर बसून आलेले लोक आहेत. जोखीम कळूनही त्यांनी कागदावर सही किंवा अंगठा दिला. त्यांचं नाव शोधनिबंधात नसतं, आकडा असतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "टाटाले नेलं" म्हणालं, तर मान हलवून गप्प बसू नका. कोणतं औषध चालू आहे, पुढची तारीख कधीची, दादरला जागा मिळाली का, आणि मागे कापूस कोण वेचतंय, हे विचारा.